आवरलेली गाडी

उस्तादांनी ब्रेकवर पाय दाबला, पण पेडल खाली गेलंच नाही. इंजिनाचा आवाज कधी थांबला हे त्यांना कळलं नव्हतं. कळलं ते एवढंच, की गाडीत एकाएकी शांतता झाली आहे, स्टिअरिंगपुढचे सगळे दिवे एकदम लागले आहेत आणि डोळ्यांच्या दवाखान्याकडून निघालेला उतार पुढे थेट चौकात जातो आहे. त्यांनी पुन्हा पाय दाबला. पायाखाली नुसता दगड. स्टिअरिंग वळवायला गेले, तर तेही कुणीतरी पलीकडून धरून ठेवल्यासारखं जड.

"काय झालं हो?" शेजारच्या सीटवरून बँकवाल्यांनी, म्हणजे गाडीच्या मालकांनी, विचारलं. त्यांच्या एका डोळ्यावर हिरवी पट्टी होती आणि दुसरा ते उन्हामुळे किलकिला करून बसले होते.

 क्लच दाबून उस्तादांनी खालचा गिअर घातला, क्लच सोडला. गाडीने हिसका खाल्ला. मग दोन्ही पाय ब्रेकवर रोवून त्यांनी हँडब्रेक ओढायला घेतला. एकदम नाही, थोडा थोडा, मागची चाकं घसरणार नाहीत इतपतच. दुसऱ्या हाताने, खांद्यासकट सगळा जोर लावून, गाडी कडेला घेतली. चाक पदपथाच्या दगडाला घासत गेलं. एक कुत्रं उडी मारून बाजूला झालं. आणि एका अर्धवट इमारतीपुढे टाकलेल्या वाळूच्या ढिगात नाक खुपसून गाडी थांबली.

बँकवाल्यांनी डोळ्यावरची पट्टी चाचपली. ती जागेवर होती.

"तुमच्या जागी मी असतो ना उस्ताद," ते म्हणाले, "तर आज दोन्ही डोळे कायमचे मिटले असते."

ते स्वतःच हसले. उस्ताद हसले नाहीत. हँडब्रेकवरची त्यांची मूठ सुटत नव्हती. दुसऱ्या हाताने एकेक बोट उचलून त्यांनी ती सोडवली.

त्यांना उस्ताद हे नाव बसडेपोने दिलं होतं. आधी बस चालवण्यात आणि मग नवे ड्रायव्हर तयार करण्यात त्यांचं सगळं आयुष्य गेलं. त्यांच्या हाताखालून गेलेला माणूस बस चालवताना दिसला, तर तो वळणाआधी गिअर कसा टाकतो यावरून ओळखता येतो, असं डेपोत म्हणत. निवृत्तीनंतर ते गाडीला फारसा हात लावत नसत. आजही आले नसते. पण बँकवाल्यांचा मोतीबिंदू काढलेला, मुलगा परदेशी, आणि शेजारी या नात्याने त्यांनी काही मागितलं तर नाही म्हणणं जमत नसे. गाडीचं दार उघडताना मात्र उस्ताद क्षणभर थबकले होते. तीच कंपनी, तीच गाडी, रंगसुद्धा तोच. बँकवाल्यांनी ती उस्तादांच्या मुलाच्याच सल्ल्याने घेतली होती. "काका, डोळे झाकून घ्या," असं तो म्हणाला होता.

तो गेला तेव्हा गाडी सून चालवत होती. मुलगा शेजारी, नात मागच्या सीटवर. मोठ्या रस्त्यावर, भर दुपारी, गाडी दुभाजक तोडून पलीकडे गेली. नातीला खरचटलंसुद्धा नाही. सुनेचं मनगट मोडलं. मुलाच्या बाजूची एअरबॅग उघडलीच नाही.

इस्पितळाच्या व्हरांड्यात, हात गळ्यात बांधलेल्या सुनेने त्यांच्याकडे बघून म्हटलं होतं, "बाबा, गाडी बंद पडली. चालता चालता. ब्रेक लागेचना."

"गाडी अशी बंद पडत नाही," उस्ताद म्हणाले होते.

एवढंच. आवाज चढवला नव्हता. नंतरही कधी ते तिला उणादुणा शब्द बोलले नाहीत. उस्तादांची बायको तर तिच्या केसांवरून हात फिरवून म्हणाली होती, "दमली असशील गं. लक्ष गेलं असेल कुठेतरी. माणसाचं होतं असं." ती मायेनेच बोलली होती. सुनेने तिच्याकडे पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. पोलिसांच्या कागदावरही पुढे तेच आलं. त्यानंतर त्या घरात हा विषय निघाला नाही. सून पूर्वीसारखी रक्ततपासणीच्या लॅबमध्ये जाऊ लागली, फक्त आता बसने. तिच्या हातून सुई टोचली तर कळत नाही, असं लोक सांगत. घरातही ती तशीच वावरायची, कुणाला कळू न देता.

आता वाळूच्या ढिगापुढे गाडीत बसून उस्तादांनी ब्रेकवर पुन्हा एकदा पाय ठेवून पाहिला. मग ते खाली उतरले आणि पदपथावर बसले.

*

वर्कशॉपवाल्यांनी गाडी ओढून नेली, तपासली आणि दुसऱ्या दिवशी बोलावलं. काउंटरवरच्या पोराने स्क्रीन त्यांच्याकडे वळवली.

"सर, कॉम्प्युटरवर काहीच दिसत नाही. सगळं ओके आहे."

"तुमच्या कॉम्प्युटरलाही मोतीबिंदू झालाय," बँकवाले म्हणाले. "माझा डॉक्टर चांगला आहे. पत्ता देऊ?"

मागच्या खुर्च्यांवर कुणीतरी मोठ्याने हसलं. ती एक केक करून विकणारी बाई होती. तिची गाडी भर चौकात बंद पडली होती आणि मागे ठेवलेला लग्नाचा तीन मजली केक तिच्या मानेवर आला होता. "क्रीममुळे जीव वाचला म्हणायचा," ती म्हणाली, आणि मग हसू आवरून तिने विचारलं, "तुमचीपण चालता चालताच गेली ना? दिवे सगळे लागले? ब्रेक घट्ट?"

उस्ताद तिच्याकडे बघतच राहिले.

तिच्या शेजारी एक फोटोग्राफर होता, त्याचंही तेच. एका नर्सच्या नवऱ्याचंही तेच. प्रत्येकाला कॉम्प्युटरवर काही दिसत नाही असंच सांगून घरी पाठवलं होतं. एकाला "तुम्ही किल्लीला जड की-चेन लावता म्हणून होतं" असं सांगितलं, दुसऱ्याला पेट्रोल बदला म्हणून. केकवालीने अशांचे फोन नंबर जमवून सगळ्यांना एकत्र आणलं होतं. कंपनीच्या लोकांशी एकत्रच बोलायचं, असं ठरत होतं.

"पण नुसतं बंद पडते म्हटलं की ते ऐकून घेतात आणि चहा पाजतात," ती म्हणाली. "कुणाचं काही मोठं झालंय का, हे बघतात ते. सुदैवाने आमच्यापैकी कुणाचं झालेलं नाही."

बँकवाल्यांनी उघड्या डोळ्याने उस्तादांकडे पाहिलं. उस्ताद जमिनीकडे बघत होते. फरशीवर कुणाच्या तरी बुटाचा ऑइलचा ठसा उमटला होता.

"झालंय," ते म्हणाले.

*

आदल्या दिवशी उस्ताद घरी काही बोलले नव्हते, पण आज ही गोष्ट त्यांच्या आधीच घरी पोचली होती. बँकवाल्यांच्या पोटात काही राहत नसे. उस्ताद जिना चढत होते तेव्हाच त्यांना वरच्या मजल्यावर त्यांचा आवाज ऐकू आला.

"...चौक समोर, पोरं शाळेतून सुटलेली, आणि हा माणूस शांत! हँडब्रेक असा ओढला, असा, जसा काही सतारीवर हात फिरवतोय. दुसरा कुणी असता तर गाडी गेली होती. काय आवरली हो! शेवटी हाताला वळण असावं लागतं."

दारात सून उभी होती. नुकतीच कामावरून आली असावी. पर्स अजून खांद्याला होती.

"हो ना," ती म्हणाली. "बाबांची गोष्टच वेगळी."

तिने पाणी आणून दिलं. बँकवाले गेले. उस्तादांची बायको आत नातीची वेणी घालत होती. सून वाळलेले कपडे घड्या करायला बसली. उस्ताद खुर्चीवर बसले, उठले, पुन्हा बसले. ज्या वाक्यासाठी ते घाईने जिना चढून आले होते, ते आता तोंडातून निघेना.

"गाडी बंद पडते," अखेर ते म्हणाले. "चालता चालता. वर्कशॉपमध्ये आणखी लोक भेटले. खूपजणांचं तेच आहे."

सुनेने फ्रॉकच्या बाह्या आत दुमडल्या.

"ब्रेकही लागत नाही."

"माहितीये मला, बाबा."

ती रागाने बोलली नाही. ते फार पूर्वीच बोलून झाल्यासारखं बोलली. उस्तादांना वाटलं, आता ती रडेल, किंवा निदान वर बघेल. तिने फ्रॉक बाजूला ठेवला आणि पुढचा कपडा घेतला. तो उस्तादांचाच शर्ट होता. त्याची कॉलर तिने हाताने सपाट केली.

"पण तुम्ही थांबवलीत," ती म्हणाली.

 आतून नात ओरडली, "आजी, ओढू नको!" आणि सून उठून आत गेली.

त्या रात्री जेवताना त्यांची बायको म्हणाली, "अहो, दृष्ट काढायला हवी तुमची. सगळी इमारत तुमचंच बोलतेय." उस्तादांनी ताट अर्धं टाकून हात धुतले.

पुढे आठवडाभर ते जिथे जात तिथे कुणीतरी थांबवायचं. दूधवाला, खालचा इस्त्रीवाला. "ऐकलं बरं का उस्ताद!" एरवी त्यांना हे आवडलं असतं. आता प्रत्येक शाबासकीच्या मागे एक न उच्चारलेलं वाक्य त्यांना ऐकू यायचं, आणि ते वाक्य सुनेलाही ऐकू येत असणार हे त्यांना कळायचं. ती घरात असली आणि कुणी विषय काढला की ते खाकरून दुसरंच काही बोलू लागत. एकदा तर इस्त्रीवाल्याला त्यांनी विनाकारण फटकारलं.

केकवाली स्वतः घरी येऊन सुनेला भेटली. दोघी बराच वेळ बाल्कनीत बोलत होत्या. ती गेल्यावर सून म्हणाली, "मी येणार आहे त्या बैठकीला."

"कशाला गं पुन्हा ते सगळं?" सासू म्हणाली.

"आई, एकदा सांगते. मग नाही सांगणार."

*

वर्कशॉपच्या वरच्या मजल्यावर खुर्च्या मांडल्या होत्या. कंपनीचा अधिकारी वेळेवर आला, सगळ्यांना नमस्कार केला, लॅपटॉप उघडला. माणूस वाईट नव्हता. प्रत्येकाचं बोलणं तो मध्ये न तोडता ऐकत होता, आणि तेच जास्त भीतीदायक होतं.

बँकवाले बोलले. पट्टी निघाल्यामुळे ते आता दोन्ही डोळ्यांनी बोलत होते. उतार, चौक, शाळेतली पोरं, आणि उस्तादांनी गाडी कशी आवरली, सगळं त्यांनी हातवारे करून सांगितलं. लोकांनी माना वळवून उस्तादांकडे पाहिलं.

मग सून उठली. लॅबमधला रिपोर्ट वाचावा तशी ती बोलली. रस्ता सरळ होता. ती दमलेली नव्हती. त्या दिवशी सुट्टी होती. इंजिन बंद पडलं, दिवे लागले, तिने तीनदा ब्रेक दाबला. गाडी एका बाजूला ओढली जायला लागली आणि तिला ती सरळ करता आली नाही. "माझे मिस्टर डाव्या बाजूला होते," ती म्हणाली. "त्यांची एअरबॅग उघडली नाही." मग ती खाली बसली आणि पर्सचा बंद बोटाभोवती गुंडाळू लागली.

 अधिकाऱ्याने लॅपटॉपवरून नजर वर केली.

"ताई, तुमचं दुःख आम्ही समजू शकतो," तो म्हणाला. "खरंच. पण मला एक गोष्ट बघावी लागेल." तो उस्तादांकडे वळला. "काका, गाडी तीच. तुम्ही म्हणता त्याप्रमाणे बिघाडही तोच. त्यातून उतार. तरीही तुम्ही ती व्यवस्थित थांबवलीत, कुणाला ओरखडाही आला नाही. म्हणजे इंजिन बंद पडलं असं जरी धरलं, तरी गाडी चालवणाऱ्याच्या ताब्यात राहू शकते. चालवणारा सावध असला तर. बरोबर ना?"

बँकवाल्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. आपण काय करून बसलो ते त्यांना आता उमगत होतं.

उस्ताद उभे राहिले. डेपोत चौकशी असली की ड्रायव्हरने उभं राहून बोलायचं असतं, ती सवय. सून त्यांच्याकडे बघत नव्हती. तिचा पर्सवरचा हात तेवढा थांबला होता.

"नाही राहत ताब्यात," ते म्हणाले.

"पण तुम्ही तर—"

"मी काही केलं नाही. पुढे वाळू होती, म्हणून थांबली."

"हँडब्रेक ओढलात ना तुम्ही? आत्ताच हे साहेब म्हणाले."

"हात तिथवर गेलाच नाही." उस्तादांनी घसा साफ केला. "मी डोळे मिटून घेतले होते."

"अहो उस्ताद, काय बोलताय तुम्ही—" बँकवाले अर्धवट उठले. उस्तादांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवलं.

"ह्यांच्या डोळ्याला पट्टी होती," ते अधिकाऱ्याला म्हणाले. "ह्यांना काय दिसणार?"

मागे कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. उस्तादांचे कान लाल झाले होते.

"साहेब, मी जन्मभर बस चालवली. शेकड्यांनी ड्रायव्हर तयार केले. या शहरात कुणालाही विचारा. त्या गाडीत माझे जर डोळे मिटले, तर घरच्या माणसांना घेऊन निघालेल्या बाईकडून तुम्ही काय मागता?"

अधिकाऱ्याने लॅपटॉपवर ठेवलेली बोटं उचलली. त्याने विचारलं, "हे असंच लिहू मी?"

"असंच लिहा. हवी तर सही करतो."

सही करताना त्यांनी चष्मा लावला नाही, काय लिहिलंय ते वाचलंही नाही. त्यानंतर आणखी बरंच बोलणं झालं. सगळ्यांच्या गाड्या उघडून तपासायचं अधिकाऱ्याने कबूल केलं. सुनेची जुनी केससुद्धा वर पाठवतो म्हणाला. केकवाली त्याच्याकडून प्रत्येक गोष्ट पुन्हा वदवून घेत होती. उस्तादांचं तिकडे लक्ष नव्हतं. खालच्या मजल्यावर कुणीतरी एका गाडीचं इंजिन सुरू करत होतं, बंद करत होतं, पुन्हा सुरू करत होतं, आणि ते नुसतं ते ऐकत होते.

*

बँकवाले म्हणाले, टॅक्सी करू. सून म्हणाली, आम्ही बसने जातो. बँकवाल्यांनी उस्तादांचा हात हातात घेतला, काहीतरी बोलणार होते, पण आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच न बोलता निघून गेले.

बसस्टॉपवर दुसरं कुणी नव्हतं. दुपार कलत होती. समोरच्या दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं होतं आणि आत कुणीतरी टायरमध्ये हवा भरत होतं.

"खोटं का बोललात, बाबा?" सुनेने विचारलं.

उस्तादांनी रस्त्याकडे पाहिलं. बस दिसत नव्हती.

"त्या दिवशी गाडीत तो काय म्हणाला?" त्यांनी विचारलं. "शेवटी. काही म्हणाला?"

इतक्या दिवसांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं. तिने मनगटाला हात लावला, जिथे हाड बसवलं होतं तिथे.

"हँडब्रेक म्हणाला," ती हळूच म्हणाली. "दोनदा म्हणाला. हँडब्रेक, हँडब्रेक. मी... माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. सोडवेचनात. तो स्वतः ओढायला वळला, आणि तेवढ्यात..." तिने मान हलवली. "मी हे कुणाला सांगितलं नाही. त्या दिवशी ते काका दारात सांगत होते ना, तुम्ही कसा ओढलात ते. मला वाटलं, तेवढंच तर करायचं होतं. तेवढंच तर तो सांगत होता."

दुकानातला हवेचा आवाज थांबला.

मुलाला हे कुणी शिकवलं होतं, ते दोघांनाही ठाऊक होतं. रिकाम्या मैदानात, जुन्या जीपवर. ब्रेक गेला तर घाबरायचं नाही, हँडब्रेकवर हात न्यायचा, थोडा थोडा. उस्तादांनी स्टॉपच्या खांबाला धरलं.

"बरं झालं नाही ओढलास," ते म्हणाले.

तिने वर पाहिलं.

"मी उतारावर होतो, गाडीला वेग नव्हता. तू मोठ्या रस्त्यावर होतीस. त्या वेगाला हँडब्रेक ओढला तर मागची चाकं जाम होतात आणि गाडी भोवऱ्यासारखी फिरते. उलटते." शिकाऊ ड्रायव्हरांशी ते ज्या आवाजात बोलत, त्याच आवाजात ते बोलत होते, कुठेही न अडखळता. "उलटली असती तर आधी मागची बाजू आदळली असती. छोटी मागे होती."

"पण तो म्हणत होता—"

"त्याला काय कळत होतं?" उस्ताद म्हणाले, आणि त्यांचा आवाज तिथे एकदाच चिरकला. "चुकलं त्याचं. तू स्टिअरिंग सोडलं नाहीस, तेच बरोबर केलंस. पोर वाचली ती त्यामुळेच."

सून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. सुई टोचायच्या आधी शीर शोधावी तसं ती बघत होती. उस्तादांनी नजर हलू दिली नाही.

"खरंच?"

"मी शिकवायचो हे," उस्ताद म्हणाले.

बस आली. त्यांनी तिला आधी चढू दिलं. मधली एक सीट रिकामी होती. ती खिडकीशी बसली, ते तिच्या शेजारी. बस वळणावर आली तेव्हा तिने एकदा डोळे पुसले, मग कपाळ काचेला टेकवलं. थोड्या वेळाने तिचं डोकं काचेवरून घसरत घसरत त्यांच्या खांद्यावर आलं. तिचं तोंड किंचित उघडं होतं. ती गाढ झोपली होती, लहान मूल झोपतं तशी, सगळा भार टाकून.

उस्ताद ताठ बसून राहिले. खांदा अवघडला तरी त्यांनी तो हलवला नाही. त्यांच्या घराचा स्टॉप आला. कंडक्टरने ओळखून त्यांच्याकडे पाहिलं, घंटीच्या दोरीकडे हात नेला. उस्तादांनी नुसतीच नकारार्थी मान हलवली, आणि बस पुढे निघाली.